साडेसहा फुटांचं वचन

वस्तू निवडण्यात माझा हात धरणारी बाई अख्ख्या यॉर्कशरमध्ये नाही. हे मी गर्वाने सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. लीड्सच्या आमच्या मराठी मंडळात कुणाला कुकर घ्यायचा असो, गादी घ्यायची असो, की जावयाला सूटकेस द्यायची असो, फोन मला येतो. "सुप्रभाताई, ही घेऊ की ती?" मी कॉलेज पुरं केलं नाही. इंग्रजी शिकले ती खोक्यांच्या मागच्या बारीक अक्षरांवरून आणि लायब्ररीतल्या ग्राहकांच्या मासिकांवरून. त्यामुळे शेजारणीशी हवापाण्याच्या गप्पा मारताना मी आजही अडखळते, पण वॉटरप्रूफ आणि वॉटर-रेझिस्टंट यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारा.

अशी मी. आणि माझे सासरे गेले ते मी निवडलेल्या पायपुसण्यावरून घसरून.

खोक्यावर नॉन-स्लिप लिहिलं होतं. पावणेपाच स्टार होते. एकशे बारा रिव्ह्यू मी स्वतः वाचले होते, त्यात एकही माणूस मेला नव्हता.

फेब्रुवारीतला बुधवार होता. अण्णा दर बुधवारी लायब्ररीत जायचे. सकाळी साडेनऊला चटणी-चीजचं सँडविच घेऊन निघायचे आणि एक वाजता परत. त्या दिवशी आले ते बूट चिखलाने माखलेले. मी आतूनच ओरडले, "अण्णा, लायब्ररीत शेती सुरू केली का?" ते म्हणाले, "मागच्या वाटेने आलो गं," आणि पुढचं वाक्य धपकन् आवाजाचं होतं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ झाला, आणि नवव्या दिवशी अण्णा गेले. एक्क्याऐंशी वर्षांचे होते. अकरा वर्षं आमच्याकडे होते, आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे एकच वस्तू मागितली होती. ती मी दिली नव्हती.

ती वस्तू म्हणजे मासे पकडायचा रॉड.

आता हे नीट सांगायला हवं. आम्ही खांबेटे. आमच्या घरात अंड्याचा केकसुद्धा वेगळ्या सुरीने कापतात. अण्णा जन्मभर पोस्टात होते. पण त्यांचं लहानपण दाभोळच्या खाडीकाठी गेलं होतं, आणि बारा वर्षांचे असताना ते खारव्यांच्या पोरांबरोबर चोरून गळ टाकायला जायचे. मासा धरायचा, बघायचा, सोडायचा, आणि हाताला वास येऊ नये म्हणून घरी जाताना लिंबाचा पाला चोळायचा. एकदा पाला कमी पडला. वडिलांनी फोडून काढलं. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं अण्णांनी पाण्याकडे नुसतं बघितलं.

मग आमच्या लेकीने, देविकाने, त्यांना टॅबलेट दिला. अण्णांना त्यात अमेरिकेतला एक दाढीवाला सापडला. तो मिसिसिपीतल्या कुठल्याशा तळ्यावर क्रॅपी नावाचे मासे पकडायचा. बुधवार सोडून रोज पूजा झाली की नऊ ते अकरा दाढीवाला. मला न ऐकताही सगळं पाठ झालं. क्रॅपीचं तोंड कागदासारखं नाजूक असतं. जाड रॉडने ओढलं तर फाटतं आणि मासा जातो. म्हणून लाईट स्पिनिंग रॉड. साडेसहा फूट. टोक मऊ, कणा ताठ, मूठ बुचाची. अण्णा हे अथर्वशीर्षासारखं म्हणायचे.

"सुप्रभा, तू मला एक निवडून दे. तू चुकत नाहीस."

"अण्णा, आपल्या घरात मासे?"

"इथे पकडून सोडून देतात गं. फोटो काढतात आणि सोडतात. यात हिंसा कुठे आली?"

"गळ टोचत असेल ना त्याला?"

"तुझी बोलणी मला टोचत नाहीत का? मेलो का मी?"

तीनदा मागितला. तीनदा मी नाही म्हटलं. खरं कारण गळ नव्हतं. हे तळ्यात पडतील, आणि मंडळात सगळे म्हणतील की सुनेने सासऱ्याला तळ्यावर एकटं सोडलं, हे कारण होतं. तिसऱ्या वेळी मी लॅपटॉपवर पायपुसणी बघत होते. म्हटलं, "अण्णा, एका वेळी एकच वस्तू." त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही. मला वाटलं, विसरले.

हॉस्पिटलात सातव्या दिवशी तोंडावर मास्क असताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हवेत बोट गोल गोल फिरवलं. मला वाटलं, पलंग वर करायचाय. मी बटण दाबलं. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. मी आणखी वर केला. शेवटी ते काटकोनात बसले, माझ्याकडे फार प्रेमाने बघितलं आणि डोळे मिटले.

ते रीळ फिरवत होते, हे मला दहाव्याला कळलं.

दहावाही साधा झाला नाही. इथे माणूस मेला की लगेच जाळता येत नाही, तारीख मिळावी लागते. आम्हाला सतराव्या दिवसाची मिळाली. मग दहावा कुठून मोजायचा? पुण्याहून व्हिडिओवर गुरुजी म्हणाले, "दहनापासून धरा." म्हणजे अण्णा मार्चमध्ये गेले आणि त्यांचा दहावा मार्चच्या अखेरीला, घराजवळच्या पार्कातल्या तळ्याकाठी. एका पिकनिक टेबलावर तीन पायांच्या स्टँडमध्ये फोन, फोनमध्ये गुरुजी. समोर आमचे हे, श्रीनिवास, धोतरावर फ्लीसचं जॅकेट घालून. हवा पाच डिग्री. ब्रिस्टलहून देविका आली होती. ती विमानांचे पंख करणाऱ्या कंपनीत आहे.

पिंड ठेवला. कावळ्याआधी कॅनडा गूज आले. हा पक्षी अंगाने शेळीएवढा असतो आणि स्वभावाने मालमत्तेच्या दाव्यातल्या चुलत्यासारखा. हे धोतर सावरत त्यांना हाकलत होते. मग एक लॅब्रॅडोर आला. त्याच्या मालकिणीने विचारलं, "पिकनिक आहे का?" मी म्हटलं, "हो, सासऱ्यांची." ती कुत्र्याला घेऊन भराभर निघून गेली.

कावळा होता. कचऱ्याच्या डब्यावर बसून कुणीतरी टाकलेला सॉसेज रोल खात होता. आमच्याकडे ढुंकून बघत नव्हता.

"इच्छा राहिली असेल काही," गुरुजी म्हणाले. "आठवा. मोठ्याने सांगा."

हे म्हणाले, "अण्णा, दाभोळचं घर विकणार नाही." कावळ्याने चोच पुसली.

देविका म्हणाली, "आजोबा, मी तुमच्यासारखी चांगला मराठी शिकेल." कावळ्याने एकदा बघितलं आणि पुन्हा सॉसेज रोलकडे वळला. "आजोबा, लग्न पण करेल. आय मीन, बघेल." कावळ्याला तेही पटलं नाही.

चाळीस मिनिटं झाली. ह्यांचे ओठ निळे पडले. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या. दर्भ आहे का?" दर्भ नव्हता. देविका म्हणाली, "लॉनचा गवत चालेल?" गुरुजींनी उत्तर दिलं नाही, पण त्यांचा चेहरा बराच वेळ गोठलेला दिसला. नेटवर्क असेल.

मी गार पडलेली बोटं चोळत उभी होते. चोळता चोळता एक बोट गोल फिरलं, आणि मला हॉस्पिटलातलं अण्णांचं बोट आठवलं. मी पुढे झाले.

"अण्णा," मी म्हटलं, "चुकलं माझं. तो रॉड मी घेईन. तुमचा तो क्रॅपीचा, लाईट स्पिनिंग, साडेसहा फुटांचा. स्वतः निवडेन. त्याने एक मासा धरेन आणि सोडेन. तुमच्या नावाने."

कावळा उतरला. उडत नाही, चालत आला, बँकेत काउंटरकडे माणसं जातात तसा. पिंडाला एक चोच मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"शिवला," गुरुजी म्हणाले. "वचन मी ऐकलंय हं वहिनी. वर्षश्राद्धाच्या आत पुरं करा. आणि मासा धराल तेव्हा मला व्हिडिओवर घ्या, संकल्प सांगतो."

घरी येताना हे एवढंच म्हणाले, "अगं, तू साधी मुंगी मारत नाहीस."

"मारायचा कुठेय? सोडायचाय."

"पण आधी धरायचाय."

लायब्ररीतून मी तीन पुस्तकं आणली. दाढीवाल्याचे अण्णांनी खुणा करून ठेवलेले चोपन्न व्हिडिओ बघितले, दोनदा. वहीत रकाने आखले: लांबी, वजन, टोक, मूठ, कड्या. शनिवारी आम्ही मासेमारीच्या दुकानात गेलो. बॅरी नावाचा, माझ्याच वयाचा, खांद्याएवढे केस असलेला माणूस काउंटरला होता.

"मला क्रॅपीसाठी उत्तम लाईट स्पिनिंग रॉड हवाय," मी म्हटलं. हे वाक्य मी गाडीत अकरा वेळा म्हटलं होतं.

"क्रॅपी?" बॅरी म्हणाला. यॉर्कशरमध्ये कुठल्याही बाईला लव्ह म्हणतात. "लव्ह, क्रॅपी इथे नसतात. अमेरिकेत असतात."

"मला माहिती आहे."

"म्हणजे तुम्ही अमेरिकेला चाललाय?"

"नाही. इथेच पकडणार."

बॅरीने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी जमिनीकडे बघितलं.

"इथे पर्च असतो," बॅरी फार हळुवारपणे म्हणाला. "पट्ट्यापट्ट्यांचा, हातभर... नाही, वीतभर. रॉड जवळपास तोच लागतो."

"जवळपास नको," मी म्हटलं. "वचन क्रॅपीचं आहे. मासा कुठलाही धरेन. रॉड क्रॅपीचाच."

मग त्याने एकेक रॉड काढून काउंटरवर ठेवायला सुरुवात केली, आणि मी कामाला लागले. पहिला हातात घेतला. आठ फुटी. "फार लांब," मी म्हटलं. दुसऱ्याची मूठ फोमची. "दोन वर्षांत झिजेल." तिसऱ्याच्या दोरा ओवायच्या कड्यांवरून मी कानकोरण्याचा कापूस फिरवला. कुठे धागा अडकला तर कडीला चीर आहे असं समजायचं, पुस्तकात होतं. अडकला. बॅरीने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "गेली सहा वर्षं हा इथे टांगलाय."

मी देविकाला फोन लावला. "देविका, कार्बन चांगला की फायबरग्लास?"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"शनिवारी?"

"आई, मी डेटवर आहे."

"मग लवकर सांग."

"ब्लेंड घे. कार्बन ताठ असते, ग्लास लवचिक असतो. टिप सॉलिड घे, पोकळ नको. आणि आई, प्लीज, मला लोकांसमोर रॉडबद्दल फोन नको करू."

चौथा रॉड मी उचलला आणि थांबले. हातात काही घेतल्यासारखं वाटेना. साडेसहा फूट. बुचाची मूठ, हाताला गरम लागणारी. बॅरीने टोकाला बोट लावून जरा दाबलं, तर पहिली वीतभर कणसाच्या तुऱ्यासारखी वाकली आणि त्याच्या खाली रॉड हलला नाही. टोक मऊ, कणा ताठ.

"एक ते सात ग्रॅमचं वजन फेकायला आहे हा," बॅरी म्हणाला. "नाजूक तोंडाच्या माशाला हाच. मासा ओढतो तेव्हा हे टोक आधी नमतं घेतं. म्हणून तोंड फाटत नाही."

मला तिथे उगाच रडू आलं. बॅरीला वाटलं, मला रॉड फार आवडला. तोही जरा हेलावला.

हजार नंबरचं छोटं रीळ, बारीक दोरा, आणि रबराच्या अळ्या घेतल्या. खरी अळी मी लावणार नव्हते. एका अळीसाठी आणखी एक दहावा घालायची माझी तयारी नव्हती.

आता परवाना. इथे गळ टाकायला सरकारी परवाना लागतो. मी लॅपटॉप उघडला. फॉर्ममध्ये मासे धरणाऱ्याचं नाव विचारलं होतं. मी लिहिलं: वासुदेव खांबेटे.

हे मागे उभे होते. "अगं, हे अण्णांचं नाव आहे."

"मग? तेराव्याला छत्री दिली ती कुणाच्या नावाने? चपला? पाण्याचा तांब्या? गाईचा घास? सगळं त्यांच्या नावाने. आणि हे तेवढं माझ्या नावाने करू?"

"ती छत्री सरकारने दिली नव्हती, सुप्रभा."

"माझ्या नावाने परवाना काढला तर मासा माझ्या नावावर लागेल."

ह्यांनी तीस वर्षं लॅबमध्ये दुसऱ्यांचं रक्त तपासलंय. कुठे बोलून उपयोग नाही, हे त्यांना रंगावरून कळतं. परवाना आला. पार्काच्या तळ्याचा दिवसाचा पासही मी त्याच नावाने घेतला.

मेच्या पहिल्या बुधवारी सकाळी दहा वाजता आम्ही त्याच तळ्यावर, त्याच टेबलाशी गेलो. ह्यांनी फोन स्टँडमध्ये लावला. गुरुजी हजर. मी रॉडचे दोन तुकडे जोडले, रीळ बसवलं, दोरा ओवला, गळाला रबराची अळी लावली, आणि रॉड हातात धरला, रीळ वर करून.

"अगं," हे म्हणाले, "दुकानात ते रीळ खाली होतं."

"तो डावखुरा होता."

"त्याने उजव्या हाताने बिल केलं."

"शिवणयंत्राचं रीळ कुठे असतं? वर. उगाच गोंधळात काय टाकता तुम्ही? गुरुजी थांबलेत."

गुरुजींनी संकल्प सुरू केला. जंबुद्वीपापासून निघून ते भरतखंडावरून लीड्सपर्यंत कसे पोचतात ते मी लक्ष देऊन ऐकत होते. "मत्स्यग्रहणं तथा विसर्जनं करिष्ये," असं त्यांनी म्हटलं, आणि खूण केली. मी दाढीवाल्याप्रमाणे रॉड खांद्यामागे नेला आणि अण्णांचं नाव घेऊन सगळ्या ताकदीने पुढे झोकला.

रॉड पुढे आला. अळी आली नाही. अळी मागे स्टँडच्या पायात अडकली होती. मग स्टँड आला. गुरुजी टेबलावरून उठले, माझ्या डोक्यावरून गेले, हवेत एक गिरकी घेतली आणि तळ्यात पडले. शेवटपर्यंत मंत्र म्हणत होते. पाण्यात दोन सेकंद त्यांचा चेहरा उजळलेला दिसला, मग तो हिरवा होत खाली गेला.

एवढं होऊनही रॉड मोडला नाही. चांगल्यातला होता.

"माझा फोन," हे म्हणाले.

"गुरुजी," मी म्हटलं.

"गुरुजी पुण्यात आहेत गं. फोन तळ्यात आहे."

मी उलट्या रिळाचा दांडा फिरवायला लागले. दोरा यायच्याऐवजी माझ्या मनगटाभोवती गुंडाळला जात होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॉर्निंग. परवाना बघू, लव्ह."

सत्तरीचा, हिरव्या जॅकेटातला, काठी टेकत चालणारा माणूस. छातीवर क्लबचा बिल्ला. तळ्यावर कोण विनापरवाना गळ टाकतं ते बघणारा. मी मोकळ्या हाताने परवाना आणि पास पुढे केला. त्याने चष्मा लावला. कागद वाचला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा कागद वाचला.

"हे तुमचं नाव नाही."

"नाही."

ह्यांनी पुढे होऊन समजावायचा प्रयत्न केला. "हे आमच्या वडिलांच्या नावाने आहे. म्हणजे धार्मिक दृष्ट्या तेच मासे धरतायत, तांत्रिक दृष्ट्या ही..."

"व्हॅस," तो माणूस म्हणाला.

कुणाला हाक मारतोय म्हणून आम्ही दोघांनी मागे वळून बघितलं.

"व्हॅस खांबेटे. हा व्हॅसचा कागद आहे. कुठे आहे तो? फेब्रुवारीपासून आला नाही. मी दर बुधवारी दोन कप चहा आणतो." त्याने खांद्यावरची पिशवी दाखवली. थर्मास होता. दोन कप होते. "मी ट्रेव्हर. त्याने सांगितलं असेलच माझ्याबद्दल."

त्यांनी काही सांगितलं नव्हतं. ते लायब्ररीत जायचे.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली. सांगायचं काम माझ्यावर आलं. खोक्यावरची सगळी बारीक अक्षरं मला येतात, पण हे वाक्य कुठल्याच खोक्यावर नव्हतं. मी म्हटलं, "व्हॅस गेले. मार्चमध्ये. पाय घसरून पडले घरात. पायपुसण्यावरून." आणि कुणी विचारलं नव्हतं तरी म्हटलं, "ते मी निवडलं होतं."

ट्रेव्हरने टोपी काढली. टेबलाच्या बाकावर बसला. मग थर्मास उघडला आणि दोन्ही कप भरले. एक माझ्यापुढे केला.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "दर बुधवारी. मी त्याला माझा जुना रॉड द्यायचो, कार्पसारख्या मोठ्या माशांचा. तारेच्या खांबासारखा जड. बिचाऱ्याचे हात दुखायचे. एक मासा धरला नाही दोन वर्षांत. नुसता बसायचा. अर्धं सँडविच मला, अर्धं त्याला." त्याने कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं. डब्यावर कावळा होता. "तिखट असायचं. तो तेवढाच खायचा आनंदाने."

म्हणजे दोन वर्षं तो कावळा माझ्या हातचं खात होता. आणि दहाव्याला नुसता भात बघून चाळीस मिनिटं रुसला होता. हे मी अजून गुरुजींना सांगितलेलं नाही.

"मी म्हणायचो, व्हॅस, स्वतःचा हलका रॉड घे," ट्रेव्हर म्हणाला. "तर म्हणायचा, माझी सून घेईल निवडून. ती कधी चुकत नाही. मी म्हटलं, मग सांग तिला. म्हणाला, तीनदा सांगितलं. तिचं अजून ठरत नाहीये. तिला वेळ लागतो, पण घेते ती उत्तमच."

मी चहा प्यायले. साखर नव्हती. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

"बघू," ट्रेव्हर म्हणाला.

मी मनगटाचा गुंता सोडवून रॉड त्याच्या हातात दिला. त्याने आधी तो तळव्यावर तोलला. बुचाच्या मुठीवरून अंगठा फिरवला. कड्या एका डोळ्याने रांगेत बघितल्या. टोक बाकाच्या कडेवर हळूच दाबलं, ते वाकलं, सोडलं, ते सरळ झालं. मी बारावीच्या निकालाला इतकी घाबरले नव्हते.

"हाच," तो शेवटी म्हणाला. "याच्यासारखा दुसरा नाही. व्हॅसला हाच हवा होता. चूक नाही झाली तुमची."

मी डोळे पुसले.

"फक्त," तो म्हणाला, "तुम्ही तो उलटा धरलाय, लव्ह."

हे काही बोलले नाहीत. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी केलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट.

संध्याकाळी गुरुजींनी माझ्या फोनवर विचारलं, "काय झालं हो वहिनी? मला आधी आकाश दिसलं, मग बुडबुडे." मी म्हटलं, संकल्प झालाय, मासा बाकी आहे. ट्रेव्हरने तो कागद स्वतःकडे ठेवून घेतला. म्हणाला, हा व्हॅसचा. तुम्ही तुमच्या नावाने काढा. मी काढला.

मासा तिसऱ्या बुधवारी मिळाला. पर्च होता, माझ्या तळव्याएवढा, अंगावर काळे पट्टे. टोक आधी नमलं, मग मला कळलं. ट्रेव्हर म्हणाला, हात लावायच्या आधी हात ओला करा, कोरड्या हाताने त्याची कातडी जाते. मी आचमनाला घेतात तसं तळ्यातलं पाणी हातात घेतलं. गळ काढला. तोंड फाटलं नव्हतं. "अण्णा, हा तुमचा," असं म्हणून पाण्यात सोडला. तो क्षणभर थांबला आणि गेला. माझं वचन पुरं झालं. आता तिथे जायचं मला काही कारण नाही.

दर बुधवारी साडेनऊला मी चटणी-चीजची दोन सँडविचं घेऊन निघते. ह्यांना सांगते, लायब्ररीत जाते. हे म्हणतात, बरं. परत आले की बूट दाराबाहेरच काढते.